धडधाकट मांजरातला विषाणू: रापणीच्या वाळूपासून वंशवृक्षापर्यंत

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला सुरुवात झाली की मांजरं हजर असतात. दोरीपासून हातभर लांब, वाळूवर पाय दुमडून, नजर पाण्यावर. अंग भरलेलं, केस चकचकीत, आजाराचं नाव नाही. त्यातल्याच एका काळ्यापांढऱ्या बोक्याचं रक्त घेताना शेजारी मासळी निवडत बसलेल्या मावशीनं मला विचारलं होतं, "डॉक्टरांनू, मांजराक काय झाला नाय, मगे रगात कित्याक काढतास?"

प्रश्न बरोबर होता. विषाणू फक्त आजारी मांजरांत शोधला तर तो आजारी मांजरांतच सापडतो, आणि आजाराचं खापर त्याच्यावर फुटतं. तोच विषाणू धडधाकट मांजरांतही तितकाच आढळला, तर सगळा हिशेब बदलतो. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांजरांचा मॉर्बिलिव्हायरस जाहीर केला, तोही भटक्या मांजरांतून: ४५७ पैकी ५६ मांजरांत. गोवरचा विषाणू आणि कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू हे त्याचेच भाऊबंद. २०१४ मध्ये अमेरिकेत पाळीव आणि रानटी मार्जारकुळांत गॅमाहर्पिस विषाणू सापडले. २०१८ मध्ये सिडनीत लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) झालेल्या एका मांजराच्या ऊतीत हेपॅडनाव्हायरस मिळाला. हा माणसाच्या हिपॅटायटिस बी विषाणूच्या कुळातला. मग इतर मांजरांचं रक्त तपासलं, तर एफआयव्हीची (माणसाच्या एचआयव्हीसारखा मांजरांचा विषाणू) लागण असलेल्या साधारण दहा टक्के मांजरांत तो निघाला आणि एफआयव्ही नसलेल्या काहींतही.

धडधाकट मांजरांत विषाणू शोधायचा, त्याचा जनुकीय क्रम वाचायचा आणि वंशवृक्ष काढायचा, हे काम कोकणात बसून करता येतं. सगळं इथेच होईल असं नाही, सिक्वेन्सिंग, म्हणजे तो क्रम वाचण्याचं काम, मुंबई-पुण्याकडेच पाठवावं लागतं. पण माझ्या अनुभवात अभ्यास बिघडतो तो किनाऱ्यावर आणि फ्रीझरपाशी, यंत्रापाशी फार कमी वेळा. म्हणून या लेखात त्या भागावर जास्त भर आहे.

आधी एकच विषाणू ठरवा

नवशिक्यांना "जे असेल ते सगळं शोधू" अशी हौस असते. एकदम सगळं वाचणारं मेटाजीनोमिक सिक्वेन्सिंग महाग आहे, आणि त्याचा निकाल वाचायला अनुभव लागतो. त्यातही रापणीवरच्या मांजराची विष्ठा म्हणजे कालच्या जेवणाची यादी. बांगडा, तारली, उंदीर, झुरळ, आणि त्या प्रत्येकाचे विषाणू. विष्ठेत विषाणूचा क्रम मिळाला म्हणजे मांजराला लागण झाली असं होत नाही; तो गिळलेल्या माशाबरोबर नुसता वाटसरू म्हणून आलेला असू शकतो.

सुरुवातीला मी हेपॅडनाव्हायरसच सुचवेन. डीएनए विषाणू असल्यानं तो नमुन्यात टिकतो, रक्तात मिळतो, आणि जीनोम (सगळा जनुकीय मजकूर) वर्तुळाकार, जेमतेम ३,२०० बेसचा. बेस म्हणजे त्या मजकुरातलं एक अक्षर. दुसरा पर्याय मॉर्बिलिव्हायरस. तो मुख्यतः लघवीत सापडतो, पण आरएनए असल्यानं जरा हयगय झाली की नाहीसा होतो, आणि जीनोम सोळा हजारांवर. गॅमाहर्पिसही डीएनए विषाणू, पण त्याचा जीनोम लाखाच्या पुढे आहे. त्याच्या एकदोन जनुकांवर समाधान माना.

किती मांजरं लागतील

विषाणू दहा टक्के मांजरांत असेल, तर किमान एक तरी होकारार्थी नमुना हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास २९ मांजरं पुरतात. प्रमाण पाच टक्के असेल तर ५९, दोन टक्के असेल तर १४९. हे गणित आधी करा, कारण दोन गावांत मिळून वीस नमुने घेऊन "कोकणात हा विषाणू नाही" असं लिहिणारे भेटतात. वीसपैकी शून्य याचा अर्थ इतकाच, की खरं प्रमाण चौदा टक्क्यांपर्यंतही असू शकतं.

ऋतूकडेही लक्ष हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. जेटी ओस पडतात आणि तिथली मांजरं वाडीवस्तीत पांगतात. मे महिन्यात देवगड जेटीवर घेतलेले नमुने आणि जुलैत घराघरांतून घेतलेले नमुने एकाच रकान्यात घालू नका. मांजरं वेगळी, त्यांची गर्दी वेगळी, भांडणंही वेगळी.

परवानगी आणि "निरोगी" या शब्दाची व्याख्या

रक्त नोंदणीकृत पशुवैद्यकानंच काढायचं. संशोधनासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, नमुने घेऊन झाल्यावर नव्हे. पाळलेलं मांजर असेल तर मालकाची लेखी संमती, मराठीत, एका पानाची. नमुना देशाबाहेर जाणार असेल तर जैवविविधता कायदा, २००२ आडवा येतो. त्यामुळे शक्यतो काम देशातच उरका. सगळ्यात सोयीची जागा म्हणजे नसबंदीचं शिबिर: मांजर भूल दिलेलं असतंच, वेगळा त्रास द्यावा लागत नाही.

निरोगी म्हणजे "दिसायला बरं" नव्हे. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं. मी प्रत्येकाचं वजन, तापमान (३८.१ ते ३९.२ अंश सेल्सिअस), हिरड्यांचा रंग, दात, गाठी आणि नऊपैकी अंगकाठीचा गुण लिहितो. मॉर्बिलिव्हायरस शोधायचा असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते यावरून कळतं) आणि लघवीची घनताही मोजाच. क्रिएटिनिन दर डेसिलिटरला १.६ मिलिग्रॅमच्या आत आणि घनता १.०३५ च्या वर असेल तरच मूत्रपिंडाच्या दृष्टीनं मांजर निरोगी धरतो. एफआयव्ही आणि एफईएलव्हीची (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) झटपट चाचणी सोबतच करा. भांडखोर बोक्यांत एफआयव्ही जास्त असतो, आणि वर सांगितलेल्या दोन्ही डीएनए विषाणूंच्या अभ्यासांत त्याचा संबंध येतो. शेवटची लस कधी दिली हेही विचारा. पॅनल्युकोपेनियाच्या (मांजरांच्या पार्व्होच्या) जिवंत लसीचा विषाणू काही दिवस विष्ठेत येतो आणि "नवा पार्व्हो सापडला" असा भास करून देतो.

नमुना घेताना

तीन किलोच्या मांजराचं दोन मिलिलिटर रक्त पुरे. एक मिलिलिटर जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, एक साध्या ट्यूबमध्ये. हिरव्या टोपणाची ट्यूब नको: त्यातलं हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी) अडवतं. ईडीटीए ट्यूब आठदहा वेळा हळूच उलटीपालटी करा, खळखळ हलवू नका. लघवी भुलेतच मूत्राशयातून बारीक सुईनं काढा. जमिनीवरून टिपलेली लघवी फुकट जाते. घशाचा फाया घेताना लाकडी काडीचा कापूस टाळा, प्लास्टिकच्या काडीचा कृत्रिम धाग्याचा फाया वापरा. आणि पिंजऱ्यात आमिष म्हणून सुकट ठेवली असेल तर मांजराच्या तोंडात ती असणारच. आधी एका फायानं तोंड पुसून तो टाकून द्या, नमुना दुसऱ्यानं.

हातमोजे घालाच. मांजर निरोगी दिसतं म्हणून रेबीज नाही असं होत नाही. या कामाला लागणाऱ्या प्रत्येकानं आधीच रेबीजची लस घेतलेली असावी. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना.

ट्यूबवर नाव पेन्सिलीनं किंवा न पुसणाऱ्या शाईनं लिहा, तेही ट्यूबच्या अंगावर. टोपणं बदलली जातात. "काळा बोका, जेटी" हे नाव नव्हे, जेटीवर काळे बोके पाच असतात. गाव, तारीख, क्रमांक लिहा, आणि मांजराचा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. नसबंदीनंतर कानाचं टोक कापतात, पण ती खूण सगळ्यांनाच असते.

बर्फ, लाइट आणि दमट हवा

पहिल्या वर्षी मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. जेटीवर बर्फाला काय तोटा? बर्फ कारखान्यातून पाटी आणली, मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत फोडून टाकला आणि रक्ताच्या ट्यूबा थेट त्यात रोवल्या. वर कोणीतरी आपुलकीनं मूठभर मीठही टाकलं, मासळी टिकवायला टाकतात तसं. मीठ पडलं की बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. संध्याकाळी पेटी उघडली तेव्हा रक्त गोठून फुटलेलं, वरचा थर गुलाबी नव्हे तर कोकम सरबतासारखा लाल. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन पीसीआर अडवतं. त्या दिवशीचे सगळे नमुने "नकारार्थी" आले, आणि ते खरे नकारार्थी होते की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून पेटीत खाली बर्फ, त्यावर वर्तमानपत्राच्या चार घड्या, त्यावर झिप लावलेल्या पिशवीत ट्यूबा. मीठ अजिबात नाही. त्याच दिवशी रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा आणि पांढऱ्या पेशींचा थर वेगळा करा आणि प्रत्येकाचे तीन छोटे वाटे करा. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं आरएनएला मारतं, म्हणून एका वेळी एकच वाटा काढायचा. लघवी दहा मिनिटं फिरवून खालचा गाळ आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात घाला. या द्रावणात नमुना पंचवीस अंशाला आठवडाभर, चार अंशाला महिनाभर राहतो. सदतीस अंशाला मात्र जेमतेम एक दिवस, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत सदतीस अंश म्हणजे सकाळचे नऊ.

पावसाळ्यात लाइट जाते हे गृहीत धरा. डीप फ्रीझरमध्ये रिकामी जागा पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांनी भरा, आणि एका बाटलीत बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. चार दिवसांनी गावाहून आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर समजा, तुमच्या अपरोक्ष फ्रीझर वितळून पुन्हा गोठला आहे. रक्त टिपकागदासारख्या कार्डावर वाळवून पाठवण्याची पद्धत डीएनएसाठी चांगली आहे. फक्त आपल्याकडे जुलैत कार्ड वाळतच नाही, त्यावर बुरशी धरते. वाळवायचंच तर सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात, आणि दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला.

मुंबईला पार्सल पाठवायचं तर आठवड्याच्या सुरुवातीला. शुक्रवारी दिलेली माझी एक पेटी सोमवारी दुपारी पोचली. कुरिअरवाल्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, तारीख मीच चुकीची निवडली होती.

अर्क काढणं आणि पीसीआर

दोनशे मायक्रोलिटर रक्तातून किंवा प्लाझ्मातून बाजारात मिळणाऱ्या कॉलम किटनं डीएनए-आरएनए काढा. दर दहा नमुन्यांमागे एक ट्यूब नुसत्या शुद्ध पाण्याची घ्या आणि तिच्यावर नमुन्यासारखीच सगळी प्रक्रिया करा. ही कोरी ट्यूब वाया गेल्यासारखी वाटते. पण २०१३ मध्ये काय झालं ते पाहा: रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेला एक "नवा" पार्व्होसारखा विषाणू प्रत्यक्षात अर्क काढायच्या कॉलममधून आला होता, आणि त्याचा माग समुद्रातल्या डायटम या सूक्ष्म शैवालापर्यंत गेला. डायटमच्या कवचात सिलिका असते, कॉलममध्येही सिलिकाच. समुद्रकाठी काम करणाऱ्यांनी तरी ही गोष्ट विसरू नये.

प्रायमर म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, जे विषाणूच्या ठरावीक भागाला चिकटतात आणि तिथून पीसीआर सुरू होतो. ते निवडताना विषाणूच्या ज्या भागात बदल कमी होतात तो भाग घ्या. हेपॅडनासाठी पॉलिमरेजचं जनुक, मॉर्बिलीसाठी एल जनुक, गॅमाहर्पिससाठी ग्लायकोप्रोटीन बी. आरएनए विषाणूसाठी आधी त्याचा डीएनए बनवून घ्यावा लागतो. धडधाकट मांजरात विषाणू अगदी थोडा असतो, म्हणून अनेकजण नेस्टेड पीसीआर करतात, म्हणजे पहिल्या फेरीचा माल दुसऱ्या फेरीत पुन्हा वाढवतात. त्यानं संवेदनशीलता वाढते आणि घाणही. पहिल्या फेरीची ट्यूब उघडली की हवेत लाखो प्रती उडतात. छोट्या प्रयोगशाळेतही तीन जागा वेगळ्या ठेवा: मिश्रण बनवायची, नमुना घालायची आणि जेल (ज्यावर पीसीआरचा माल पट्टीसारखा दिसतो) पाहायची. तिसऱ्या खोलीतला पेनसुद्धा पहिल्या खोलीत परत नेऊ नका.

प्रत्येक फेरीत तीन साक्षीदार हवेत. एक, नुसतं पाणी. दोन, मांजराचं स्वतःचं एखादं जनुक, म्हणजे नमुना मुळात चांगला होता का ते कळतं. माझ्या गोठलेल्या रक्ताच्या वेळी ही चाचणी केली असती तर त्याच संध्याकाळी उलगडा झाला असता. तीन, होकारार्थी नमुना. तो खऱ्या विषाणूचा नको, मुद्दाम बनवून घेतलेल्या डीएनएचा घ्या, आणि त्यात निसर्गात नसलेले वीसेक बेस घालून घ्या. उद्या मांजराच्या नमुन्यात तेच वीस बेस दिसले तर गळती कुठून झाली हे लगेच समजतं.

जाता जाता: एफईएलव्हीचे तुकडे मांजराच्या स्वतःच्या गुणसूत्रांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. त्या विषाणूचे प्रायमर निष्काळजीपणे निवडले तर प्रत्येक मांजर होकारार्थी येतं.

पट्टी दिसली, पुढे काय

जेलवर योग्य उंचीला पट्टी दिसणं हा निकाल नव्हे. ती कापून, शुद्ध करून दोन्ही दिशांनी सँगर सिक्वेन्सिंगला पाठवा. आलेला आलेख स्वतः उघडून पाहा, नुसती अक्षरं वाचू नका. एकाच जागी दोन शिखरं एकमेकांवर असतील तर दोन विषाणूंची मिश्र लागण किंवा घाण, यांपैकी काहीतरी आहे. टोकांवरचे प्रायमरचे बेस काढून टाका. ते तुम्ही घातलेले आहेत, विषाणूचे नव्हेत, आणि ते तसेच ठेवले तर तुमचे सगळे नमुने एकमेकांसारखे दिसतात. मग जागतिक संग्रहात ब्लास्ट करून, म्हणजे तुमचा क्रम तिथल्या क्रमांशी ताडून, जवळचे नातेवाईक शोधा.

एकाच जेटीवरच्या दोन मांजरांचे क्रम हुबेहूब जुळले तर आधी ट्यूबा तपासा. दुसऱ्या वाट्यातून, दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून पुन्हा अर्क काढून तोच क्रम आला, तरच तो धरा.

पूर्ण जीनोम

दोनशे-तीनशे बेसच्या तुकड्यावरून विषाणू आहे इतकंच सांगता येतं, तो कोणत्या शाखेचा हे नाही. हेपॅडनाचं वर्तुळ दोन मोठ्या, टोकांना एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत वाढवता येतं. मिळालेल्या तुकड्यातूनच बाहेरच्या दिशेला तोंड करून प्रायमर बनवायचे, म्हणजे वर्तुळाचा उरलेला भाग आपोआप हाती येतो. मॉर्बिलीचे सोळा हजार बेस मात्र कौलांसारखे एकावर एक चढवलेल्या दहाबारा तुकड्यांत घ्यावे लागतात, आणि दोन्ही टोकं रेस नावाच्या वेगळ्या पद्धतीनं.

तयार जीनोम बरोबर आहे का, याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. पॅरामिक्सो कुळात, ज्यात मॉर्बिली येतो, जीनोमची लांबी सहानं भागली जाते. हाँगकाँगच्या मूळ विषाणूची लांबी १६,०५०, म्हणजे २,६७५ षटकं. तुमचा आकडा सहानं भागला गेला नाही तर कुठेतरी एखादा बेस गळला किंवा घुसला आहे. नॅनोपोर या सिक्वेन्सिंग यंत्रावर सलग सहासात सारखे बेस आले की हे हमखास होतं. हेपॅडनात जनुकं एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे एक बेस जास्त झाला की एकाच वेळी दोन प्रथिनं मोडतात. मध्येच अकारण थांबा-संकेत दिसला तर उत्क्रांतीचा शोध लावण्याआधी कच्चा आलेख पुन्हा पाहा.

वंशवृक्ष

जगभरातले उपलब्ध क्रम घ्या, फक्त जवळचे नव्हे. माफ्ट या प्रोग्रामनं ते रांगेत लावा, आयक्यू-ट्री या प्रोग्रामनं वृक्ष काढा, हजार बूटस्ट्रॅप (फांद्या किती भक्कम आहेत हे पाहायला पुन्हा पुन्हा काढलेले वृक्ष). मूळ ठरवायला दूरचा नातेवाईक हवा. मॉर्बिलीसाठी गोवर आणि डिस्टेंपर. ज्या फांदीचा बूटस्ट्रॅप आधार शंभरात सत्तरच्या खाली आहे तिच्यावर कथा रचू नका. दोन विषाणूंची सरमिसळ झालेली असेल तर एका जनुकाचा वृक्ष एक सांगतो, दुसऱ्याचा भलतंच, म्हणून जनुकवार वृक्षही काढून पाहा. गोव्याचे, रत्नागिरीचे ट्रॉलर एकमेकांच्या बंदरात लागतात आणि एखादं मांजर बोटीवरून इकडचं तिकडे जातंही. मोह होतो. पण तीन क्रमांवरून "विषाणू बोटीनं आला" असं लिहू नये.

प्रमाण लिहिताना नुसती टक्केवारी देऊ नका. साठपैकी तीन म्हणजे पाच टक्के, पण ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे १.७ ते १३.७. क्रम जेनबँक या जागतिक संग्रहात किंवा फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात जमा करा. सोबत यजमान प्राणी, जिल्हा, नमुन्याचा प्रकार आणि तारीख लिहा. तारखेशिवायचा क्रम पुढच्या अभ्यासकाला अर्धा निरुपयोगी.

मालकाला काय सांगायचं

सिंधुदुर्गात विषाणू हा शब्द जपून वापरावा लागतो. २०१६ पासून दोडामार्गकडच्या लोकांनी माकडताप हा विषाणूजन्य ताप पाहिला आहे. "तुमच्या मांजरात विषाणू आहे" एवढंच सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ते मांजर पोत्यात घालून दूरच्या तिठ्यावर सोडलेलं असतं. त्यामुळे मी चिठ्ठी देतो: मांजर निरोगी आहे. यापासून माणसाला आजार झाल्याची नोंद नाही. औषध नको. वर्षातून एकदा यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी करा. शेवटचं वाक्य उगाच नाही. हेपॅडनाव्हायरस काही मांजरांच्या यकृताच्या जुनाट दाहात आणि कर्करोगात आढळला आहे. मॉर्बिलीचा मूत्रपिंडाच्या आजाराशी संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही.

आणि होकारार्थी आलेल्या मांजराकडे तीन महिन्यांनी परत जा. तेव्हाही विषाणू मिळाला तर लागण मुक्कामाची आहे. नाही मिळाला तर येऊन गेलेली असेल किंवा रक्तातली पातळी तुमच्या चाचणीच्या आवाक्याखाली गेली असेल. हे वेगळं करायला आधीचा आणि आताचा प्लाझ्मा एकाच दिवशी, एकाच फेरीत तपासा. त्या काळ्यापांढऱ्या बोक्यासाठी मी सप्टेंबरात पुन्हा दांडीवर गेलो. फोटो काढून दाखवला तेव्हा मावशीनं तो न बघताच बोट केलं, होडीच्या सावलीत झोपलेल्या त्याच्याकडे, आणि म्हणाली, "ह्या खेपेक तरी सुकट घालून काढा रगात, मागल्या टायमाक उपाशी होतो तो." भूल द्यायची म्हणून उपाशीच ठेवला होता. आता संमतीच्या कागदावर तीही एक ओळ आहे.